बेसचं दावं

जळगावच्या सराफ बाजारात एका पेढीवर मी जुने दागिने पारखायला बसतो. लोक मोड, म्हणजे मोडीत काढायचे दागिने, घेऊन येतात. मी ती कसाच्या दगडावर घासतो, वर तेजाबाचा थेंब टाकतो आणि समोरच्याचा चेहरा बघतो. खरं सांगायचं तर दगडापेक्षा चेहऱ्यावरच माझी जास्त भिस्त. इतकी वर्षं हे काम केल्यावर माणूस चटकन कशावर विश्वास ठेवत नाही. बायको म्हणते, हा देवळातला पेढासुद्धा आधी हुंगतो. खोटं नाही ते.

माझा दुसरा उद्योग बेस गिटारचा. लग्नसराईत आमचा ऑर्केस्ट्रा जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे असा फिरतो. हळद, साखरपुडा, रिसेप्शन, जे मिळेल ते. बेस वाजवणाऱ्याकडे कुणी बघत नाही. एकदा नवरदेवाच्या मामांनी स्टेजवर चढून, पाहुण्यांदेखत, "तुम्ही नेमकं काय करताय?" असं मला विचारलं होतं. मी म्हटलं, थांबवून दाखवू का? ते हसले आणि पान खायला गेले.

वापरलेली वाद्यं विकत घेणं हा तर संशयी माणसाच्या कसोटीचाच खेळ. "घरीच वाजवलंय", "एकहाती आहे", "मुलगा परदेशी चाललाय म्हणून काढतोय". ज्याने म्हणून मला बेस नाहीतर अ‍ॅम्प विकायचा प्रयत्न केला, त्याचा मुलगा परदेशीच चाललेला असायचा. भुसावळच्या एका गृहस्थाकडून मी अ‍ॅम्प घेतला. तिथे चहा झाला, पोहे झाले, अ‍ॅम्प छान घुमला. चाळीसगावच्या लग्नात पहिल्याच गाण्याला त्याचा स्पीकर ओल्या पापडासारखा फडफडायला लागला. आत उघडून बघितलं तर मूळचा स्पीकर काढून कुठला तरी भंगारातला बसवलेला. गृहस्थांचा फोन त्या दिवसापासून बंद. पुढे तोच अ‍ॅम्प दुरुस्त करून, सगळं खरं सांगून मी विकायला काढला, तेव्हा घेणारा माझ्याकडे असा बघत होता की जणू मीच तो भुसावळचा. पोहे द्यायचं मी मुद्दाम टाळलं.

मग मे महिन्यात उन्हातल्या टेम्पोत राहून माझ्या बेसची मान वाकली. सगळे सूर एकमेकांशी भांडायला लागले. आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक स्वतः कीबोर्ड वाजवतात. ते शांतपणे म्हणाले, "दिवाळीनंतर तारखा सुरू होतील. तोवर धड बेस आणा. नाहीतर मी डाव्या हाताने भागवतो." डाव्या हाताने भागवतो म्हणजे बेसचे सूर कीबोर्डवरच दाबतो, तुमची गरज नाही. मला ते फार लागलं. पेढीवर मी दुसऱ्यांच्या वस्तू तोलतो. माझं म्हणावं असं त्या स्टेजच्या कोपऱ्यातच काय ते होतं.

अशात मोबाईलवर धुळ्याची एक जाहिरात दिसली. जुना जपानी बेस, लोखंडी कपाटाला टेकवून उभा, गळ्यात रुंद चामडी पट्टा. किंमत कमी. फारच कमी. आणि खाली एकच ओळ होती: फक्त वाजवणाऱ्यालाच देणे आहे. ही ओळ वाचून मला पहिला संशय आला. विकणाऱ्याला कधीपासून घेणारा कोण याची पडली?

तरी गेलो. पाठीवर छोटा अ‍ॅम्प बांधून एसटीने धुळे, आणि पांझरेच्या पुलापलीकडे देवपूर. घर सापडायला अवघड नव्हतं, शेजारीच पिठाची गिरणी होती. जाहिरात टाकणारा त्या गिरणीचा मालक, आणि बेस होता त्याच्या काकूचा. बाई सत्तरीच्या आसपास, डोक्यावर पदर, कपाळ मोकळं. पुतण्या त्यांना अक्का म्हणत होता, म्हणून मीही अक्काच म्हटलं.

"बठ. आधी पानी पी," अक्का म्हणाल्या. बेस समोर खाटेवर ठेवलेला. मी हात पुढे केला तर त्यांनी तो ओढून आपल्याजवळ घेतला. "तू सोता वाजाडस, का दुसराकरता लई जाई राहिना?"

"मीच वाजवतो, अक्का."

"कोठे?"

मी गावं सांगितली. लग्नं सांगितली. घरी कोण कोण, दारू पितो का, पहिला बेस कुठे गेला, सगळं विचारून झालं. मुलगी बघायला आलेल्या पोराचीही एवढी चौकशी होत नाही. शेवटी पोटापाण्याचं विचारलं आणि मी सराफाकडे मोड पारखतो म्हटल्यावर त्यांचा चेहराच पडला.

"म्हंजे तू मोडनारा मानूस. याले बी मोडी टाकशी."

पुतण्याने मध्ये पडून समजूत घातली. मग मला बेस हातात मिळाला. मी डोळा बारीक करून मान बघितली, सरळ होती. मानेवरची प्रत्येक फ्रेटची पट्टी दाबून बघितली, बटणं फिरवली, स्क्रू निरखले. कुठेही खोट सापडेना, आणि ती सापडत नव्हती म्हणून माझी अस्वस्थता वाढत चालली. सूर लावताना एकच अडचण आली. शेजारच्या गिरणीची घरघर सगळ्यात खालच्या तारेच्या सुराच्या जवळपासच, पण किंचित उतरलेली होती. कान तिकडेच ओढला जाई.

अ‍ॅम्प लावून मी खालची तार छेडली, तशी आतल्या खोलीत मांडणीवरच्या स्टीलच्या ताटल्या खणखणल्या. अक्का उठल्या आणि पटकन आत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. आत जाऊन काय केलं? कुणाला फोन केला? मी हे मनात नोंदवून ठेवलं.

सौदा ठरला. पुतण्याने पैसे घेतले. अक्कांनी बेस मांडीवर घेतला, दोन्ही टोकांच्या गुंड्यांवरून चामडी पट्टा सोडवला, गुंडाळून मांडीखाली ठेवला आणि नुसता बेस माझ्यापुढे सरकवला.

"अक्का, पट्टा राहिला. फोटोत पट्ट्यासकट आहे."

"पट्टा देवाव नई."

"अहो पण..."

"तो आठेच राही."

पुतण्या माझ्याकडे न बघता म्हणाला, "जाऊ द्या भाऊ, पट्टा बाजारात मिळतो." मी पावती मागितली तर म्हणाला, कसली पावती, माणसाच्या शब्दाला किंमत नाही का? माझ्या धंद्यात हे वाक्य बोलणाऱ्याचा दागिना मी दोनदा घासतो. पण बेस हातात होता, दिवाळी जवळ आली होती. मी निघालो.

घरी येऊन मी तो बेस पुरता उघडला. पिकअप मूळचे, तारांचे सांधे मूळचे. मागचं झाकण काढलं तर स्क्रूच्या भोकांमध्ये लाल पूड. आधी वाटलं गंज. बोटावर घेतली. कुंकू होतं, आणि त्यात हळदही मिसळलेली.

"करणी केलीय कुणीतरी," बायको गंभीर चेहरा करून म्हणाली. "लिंबू-मिरची टांगू का त्याच्या मानेला?"

ती चेष्टा करत होती. मी मात्र ते कुंकू ब्रशने झाडून काढलं आणि झाकण घट्ट आवळलं.

आठवडाही झाला नसेल, एक फोन आला. अनोळखी पुरुष, हिंदीमिश्रित मराठी. पुण्याहून बोलतो म्हणाला. "आपके पास एक जुना जपानी बेस आहे असं कळलं. चांगला भाव देतो." मला आधी वाटलं, कळलं कसं? मी तर अजून कुणाला दाखवलाही नव्हता. मी नाही म्हणून फोन ठेवला. थोड्या दिवसांनी दुसरा फोन. कॉलेजातली मुलगी वाटली. वडिलांच्या संग्रहासाठी हवाय, पहिल्याने दिला असता त्याच्याहून जास्त भाव देऊ. "पहिल्याने" हे हिला कसं माहीत? मी कान टवकारले. ती बोलत होती तिच्या मागे कुठे तरी बारीक घरघर चालली होती. मी बेस उचलून खालची तार छेडली. घरघर तारेहून किंचित उतरलेली.

देवपूरची गिरणी!

तिसरा फोन आला तेव्हा मी बेस मांडीवर घेऊनच बसलो होतो. मुंबईच्या स्टुडिओचा माणूस, तीच घरघर. आता सगळं माझ्यासमोर लख्ख उभं राहिलं. टोळी होती ही. स्वस्तात विकायचं, पावती द्यायची नाही, पट्टा मात्र ठेवून घ्यायचा. पुढे असल्या फोनांना भुलून मी बेस विकला की पट्टा पुरावा म्हणून पुढे करायचा: बघा, आमचा बेस, आम्ही भाड्याने दिला होता, या मोडवाल्याने परस्पर विकला. पट्ट्यावरच्या खुणा बेसच्या गुंड्यांना बरोब्बर जुळणार. पेढीवर मी याहून कच्चे डाव बघितले होते. एवढा पक्का डाव रचणारीबद्दल मला थोडा आदरच वाटला.

फोन रेकॉर्ड होत असणार हे गृहीत धरून मी खणखणीत, सावकाश आवाजात म्हणालो, "हे पहा, हा बेस मी विकणार नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. तुम्ही कितीही द्या. भाव सांगूच नका, मला ऐकायचाही नाही. मी वाजवणारा माणूस आहे, मी तो वाजवायला घेतलाय."

पलीकडून फोन बंद झाला. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "भाषण कुणाला देत होतास?"

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, तारखा सुरू झाल्या. बेस इतका सुरेख बोलायचा की मालकांचा डावा हात मुकाट्याने खिशात गेला. मीच काय तो सुखाने वाजवत नव्हतो. स्टेजसमोर खाकी कपड्यातला कुणी दिसला की माझी बोटं थंड पडत. वॉचमन असला तरी. बाजारातून घेतलेला नवा नायलॉनचा पट्टा खांद्यावरून सारखा घसरायचा आणि दर वेळी मला तो चामडी पट्टा आठवायचा.

आणि एक तारीख आली धुळ्याची, देवपुरातलीच. गिरणीवर बातमी पोचलीच असणार. सकाळची हळद होती. मंगल कार्यालयात पोचल्यापासून माझं लक्ष दाराकडे. तिसऱ्या का चौथ्या गाण्याला अक्का आत आल्या, सोबत पुतण्या. बायकांच्या खुर्च्यांमध्ये न बसता त्या सरळ पुढे येऊन अ‍ॅम्पच्या समोर बसल्या. मांडीवर कापडात बांधलेलं काहीतरी. मला लगेच कळलं, पट्टा होता तो. पुरावा आणि साक्षीदार, दोघंही आले होते. माझा एक सूर चुकला. मालकांनी मान वळवून बघितलं.

अक्का माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या बेसकडे बघत होत्या. गाणं संपेपर्यंत एक हात त्यांनी खुर्चीच्या दांड्यावर पालथा ठेवला होता, बेसची थरथर हाताला लागावी तसा.

नवरदेवाला आंघोळीला नेलं आणि आम्हाला चहा आला. अक्का उठून स्टेजच्या कडेला आल्या. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवली: जाहिरात माझ्याकडे आहे, तुमच्या पुतण्याने पैसे घेतले आहेत. पण त्यांनी माझ्या तोंडाकडे न बघता बेसच्या पाठीवर हात फिरवला.

"रोडाना नई," त्या पुतण्याला म्हणाल्या. म्हणजे वाळला नाही, बारीक झाला नाही. मग मला: "तीनदा फोन करा तुले. तू नई इका."

विकला नाहीस, असं म्हणत होत्या. मी चहाचा कप खाली ठेवला.

"तो पुणेवाला कोण होता?"

पुतण्याच हसत म्हणाला, "माझा साडू. मुलगी माझीच. तिसरा दळणवाला. अक्कांना झोप येत नव्हती भाऊ. विकला असेल का, विकला असेल का, एकच धोशा."

"खाटीकले बैल देनारा भाव ऐकताच हो म्हनस," अक्का म्हणाल्या. "तू भाव बी ऐका नई."

मग त्यांनी सांगितलं. गावाकडे त्यांची थोडी जिराईत होती आणि दारात बैल. त्यांच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्याने, बैल विकून हा बेस घेतला. घरात मोठं भांडण झालं, अक्का तर माहेरी गेल्या होत्या. पण पुढे शेती सुटली, देवपुरात बिऱ्हाड आलं आणि लग्नामागून लग्न वाजवत या बेसनेच घर चालवलं. "तैपाशी आमना घरमा हाऊच बैल," त्या म्हणाल्या. तेव्हापासून घरचा बैल म्हणजे हाच. दर पोळ्याला त्या बेसला हळदकुंकू लावून पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायच्या. नवरा हसायचा, पण पोळ्याच्या दिवशी बेस वाजवायचा नाही. बैलाची ती सुट्टीच. एरवी तो वाजवायचा तेव्हा आतल्या ताटल्या अशाच खणखणायच्या, म्हणून त्या दिवशी अक्का उठून आत गेल्या होत्या.

"आनि पट्टा?" मी विचारलं. माझ्या तोंडून त्यांचीच बोली निघाली.

"बैल इका तरी दावं देतस का कधी? दावं घरमा ठेवतस. लक्ष्मी जावाले नको म्हनीसन."

मला ठाऊक असायला हवं होतं. माझे आजोबा चोपड्याकडचे शेतकरी, जनावर विकलं की दावं खुंटीवर राहायचं, हे मी लहानपणी बघितलेलं. पण चामड्याच्या पट्ट्यात दावं दिसायला डोळे वेगळे लागतात, आणि माझे दगडावर घासून घासून भलतीकडेच तयार झालेले.

अक्कांनी कापड सोडून पट्टा माझ्या हातात दिला. "ले. आते दावं बी तुनं."

"अहो अक्का, पण लक्ष्मी..."

"दावं आठे आनि बैल तठे, मंग तो फिरी फिरी मांगे पाहस. नको. पोळाले कुंकू लावजो तेवढं."

मी त्यांना काय सांगणार होतो? मी निष्ठेने नाही म्हटलं नव्हतं, तुम्हाला टोळी समजून नाही म्हटलं होतं, हे? त्यांचे डोळे भरले होते आणि त्या बाईने मला लाख मोलाचा माणूस ठरवून टाकलं होतं. मी वाकून त्यांच्या पाया पडलो, तेही स्टेजवरच, आणि मालक चहाचा कप धरून बघतच राहिले.

पट्टा लावला तर बेस पार मांडीपर्यंत उतरला. अक्कांचा नवरा उंच असणार. मागे भोकं होती, चार बोटं आखूड करता आला असता. मी तसाच वाजवला, आजही तसाच वाजवतो. पाठ दुखते. आणि खरं तेच सांगतो, त्या दिवशी परतताना टेम्पोत मी त्या पट्ट्याची शिवण दोन्ही बाजूंनी बोट फिरवून तपासली. सवय काही लगेच जात नाही.

फोन मात्र थांबले नाहीत. अधूनमधून नवा नंबर यायचा, नवा आवाज, मागे तीच गिरणी. नाशिकचा व्यापारी, इंदूरचा संगीतशिक्षक. "बेस विकायचा आहे का?" मी म्हणायचो, "नाही. अक्का बऱ्या आहेत ना?" पलीकडचा गडबडून जायचा. एक 'दिल्लीवाला' तर शेवटी विसरून विचारून बसला, "पोळ्याचं कुंकू लावलं ना त्याला?" बायको म्हणायची, पैसे मोजून घेतले, पट्टाही देऊन झाला, तरी म्हातारी तुझ्यावर विश्वास ठेवत नाही. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. माझ्यावर एवढं बारीक लक्ष ठेवणारं दुसरं होतं तरी कोण?

यंदा पोळा आला आणि फोन आला नाही.

मी सकाळी बेसच्या पाठीवर कुंकू लावलं, बायकोने पुरणाचा नैवेद्य ठेवला. पेढीवर दिवसभर मोबाईल दगडाशेजारी ठेवून बसलो. एका बाईची पाटली मी नको तितक्या वेळा घासली, ती चिडली. दुसरा दिवस गेला, पुढचाही गेला. माझ्या डोक्यात नाही नाही ते यायला लागलं. शेवटी घरी येऊन जाहिरातीवरचा तो जुना नंबर मीच लावला. घंटा वाजत राहिली आणि मला खरोखर भीती वाटली.

फोन उचलला. मागे गिरणी चालू होती.

"कोन?" अक्कांचाच आवाज. थोडा बसलेला.

"मी अक्का, जळगावहून. बेसवाला."

"काय हुई गय? इकी टाका का?"

"नाही हो. मी का विकेन?"

"मंग फोन काब्रं करा?"

"सहज," मी म्हटलं.

"सहज कोनी फोन करस का?" मग मागे वळून त्या कुणाला तरी म्हणाल्या, "ए पोरी, तोंड दिखावानं ते लाव." फोन कापला गेला आणि लगेच पुन्हा वाजला. पडद्यावर अर्धा पदर, अर्धं कपाळ, आणि मग अक्का. पुष्कळ वाळल्या होत्या. मागे खाटेजवळ सलाईनची रिकामी बाटली खुंटीला लटकत होती.

"अक्का, बरं नव्हतं का तुम्हाला?"

"मना सोड. त्याले दाखाड."

मी फोन भिंतीकडे वळवला. पट्ट्याला टांगलेला बेस बघून त्या थोड्या पुढे झुकल्या. मी एका हाताने खालची तार छेडली.

"ऐकू आलं का?"

"नई. पन तार हालनी." त्यांनी डोळे बारीक केले, अगदी मी पेढीवर करतो तसे. "हाऊ तोच शे ना?"

"तोच आहे, अक्का."

"उलटा कर."

मी बेस खुंटीवरून काढला, उलटा केला आणि कुंकू दिसेल असा उजेडात धरला.